मदत हवी आहे: बांधलेलं प्यादं आणि तीनदा आलेली स्थिती

बुद्धिबळाच्या रेटेड स्पर्धेतला क्लासिकल डाव, मी काळ्याकडून. ३४वी खेळी प्यादं डी७-डी५. पांढऱ्याचं प्यादं ई५वर, राजा ई२वर, माझा हत्ती ई८वर, मध्ये कोणी नाही. म्हणजे अन् पासां (दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने लगेच पुढच्या खेळीत मारणं) मारलं तर पांढऱ्याच्या राजालाच शह, म्हणून ते प्यादं बांधलेलं! पुढे दोघंही राजे मागेपुढे. ३८वी खेळी राजा जी८ फक्त कागदावर लिहिली, घड्याळ थांबवलं, तीच स्थिती तिसऱ्यांदा येतेय म्हणून बरोबरीचा दावा केला. पंच म्हणाले, "पहिल्या वेळी अन् पासां होतं, म्हणून दोनदाच." वर प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं जादा! कॅसलिंगचा (राजा-हत्तीच्या एकत्र खेळीचा) प्रश्न नाही, दोन्ही राजे आधीच हललेले. फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा) नियम ९.२ वाचला, तरी खात्री होईना. अपिलाची वेळ गेलीय, निकाल बदलायचा नाही. पण बांधलेल्या प्याद्याने अन् पासां मारताच येत नसेल, तर पहिली स्थिती मोजतात की नाही?