राहून झाल्यावर रिफंड मागणं बरोबर की चूक?

उंडगी
आम्ही सहा जण, त्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून हॉटेलऐवजी पाच रात्रींसाठी एक अख्खं घर ऑनलाइन बुक केलं. पैसे सगळे आधीच भरलेले. लिस्टिंगमध्ये काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं सांगते: तीन बेडरूम, तळमजला, तळ्याचा व्ह्यू, शांत परिसर.

आता प्रत्यक्षात. तिसरी बेडरूम म्हणजे जिन्याखालची जागा, पुढे पडदा लावलेला आणि आत गादी टाकलेली, उठून बसलं की डोकं वरच्या पायरीला लागतं (नवऱ्याच्या कपाळावर पुरावा होता चार दिवस). तळमजला खराच आहे, फक्त गेटपासून दारापर्यंत चौदा पायऱ्या, कठड्याशिवाय. शांत परिसराच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू, सकाळी सातला ब्रेकर सुरू. कपाट उघडलं तर मागच्या फळीला हिरवी-काळी बुरशी, आणि तो कोंदट वास नंतर कपड्यांतून दोन धुण्यांत गेला नाही. तळं मात्र दिसतं. बाथरूमच्या झरोक्यातून, बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं तर. माझ्या मुलानेच शोध लावला, आतून ओरडला "आई, दिसलं दिसलं!"

रात्री नऊला पोचलो होतो. केअरटेकर म्हणाला साहेबांशी बोला, साहेबांनी दोनदा फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर बुरशीचे आणि त्या पडद्याचे फोटो पाठवले, खाली "हे जरा बघा प्लीज" लिहिलं. उत्तर आलं ते फक्त अंगठा 👍. बस. सीझन होता, सहा जणांना दुसरीकडे कुठेच जागा मिळेना, राहिलो पाचही रात्री. घरी आल्यावर अर्धे पैसे परत मागितले तर मालक म्हणतो, "पाच रात्री राहिलात, चाव्या देताना काही बोलला नाहीत, आता कसला रिफंड?" आणि गंमत म्हणजे नवराही म्हणतोय सोडून दे. माझं काही चुकतंय का?

सरळसोट
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मालकाचं बरोबर आहे. पाच रात्री पाणी वापरलं, वीज वापरली, गाद्यांवर झोपलात. सिनेमा शेवटपर्यंत बघायचा आणि मग तिकीट खिडकीवर जाऊन म्हणायचं आवडला नाही, पैसे द्या, असं कुठे असतं? आवडलं नव्हतं तर त्याच रात्री बॅगा उचलायच्या होत्या.

भिंगरी
@सरळसोट, सिनेमा नाही आवडला तर माणूस उठून घरी जातो हो. इथे रात्री नऊ वाजता, अनोळखी गावात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई आणि लहान मूल घेऊन जाणार कुठे, स्टँडवर? मजबुरीने राहिलं म्हणजे पसंत पडलं असं होत नाही. आणि हे मालक लोकांना पक्कं ठाऊक असतं, सगळे पैसे आधी घ्यायचे, मग फोन उचलायचा नाही, चार दिवस ढकलले की "राहिलात ना" म्हणायला मोकळे.

सरळसोट
मग "जागा मिळाली नाही म्हणून राहिलो" याचाच अर्थ त्या जागेचा तुम्हाला उपयोग झाला. उपयोगाचे पैसे. संपलं.

चार_खोल्या
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, आमच्या चार खोल्या आम्ही नवरा-बायको भाड्याने देतो, त्यामुळे इथे शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय. आमच्याकडे गेल्या सीझनला एक कुटुंब तीन रात्री राहिलं, जाताना वहीत "अप्रतिम, पुन्हा येऊ" लिहून गेलं, मुलीने खाली फूलही काढलं होतं, आणि चौथ्या दिवशी मेल की गीझर चालत नव्हता, पूर्ण पैसे परत करा. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर होतं, एक हाक मारली असती तरी मी दोन मिनिटांत दाखवलं असतं. पाहुणा तिथे असताना सांगतो तेव्हा मी काहीतरी करू शकतो, खोली बदलून देतो, प्लंबर आणतो, अगदीच नाही तर एका रात्रीचे पैसे सोडतो. घरी जाऊन सांगितलं की माझ्या हातात उरतात फक्त पैसे आणि पाहुण्याच्या हातात रिव्ह्यू, मग ती घासाघीस होते, तक्रार राहत नाही.

पण उंडगीताई, तुमची केस वेगळी आहे असं मला वाटतं. बुरशी, आवाज, या गोष्टींवर वाद होऊ शकतो, शेजाऱ्याने कधी बांधकाम काढलं ते मालकाला बुकिंगच्या वेळी माहीत असेलच असं नाही. तिसऱ्या बेडरूमची मात्र काल रातोरात जिन्याखालची जागा झाली नाही ना. ते त्याला माहीत होतं. त्याला आमच्या धंद्यात चूक म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. फोटोंबद्दलही सांगून ठेवतो, मोबाईलवर वाइड लेन्सने काढलेला फोटो असेल तर कडेच्या वस्तू ताणल्या जातात, कोपऱ्यातलं बेसिन अंडाकृती दिसलं किंवा उशी हातभर लांब दिसली की समजायचं खोली दिसते त्यापेक्षा बरीच लहान आहे. मी स्वतः एकदा तसा फोटो टाकला होता, बायकोने काढायला लावला.

भिंगरी
चार_खोल्या, वहिनींना नमस्कार सांगा 🙏

कलमबहाद्दर
"राहिलात म्हणजे संपलं" हे ऐकायला ठणठणीत वाटतं पण कोर्टांनी ते मानलेलं नाही, याचं एक भारी उदाहरण आहे. इंग्लंडमधला खटला, जार्विस विरुद्ध स्वान्स टूर्स. जार्विस स्वतः वकील, वर्षातून दोन आठवड्यांची सुट्टी, १९६९ च्या ख्रिसमसला ६३ पाउंड ४५ पेन्स भरून स्वित्झर्लंडला गेला. माहितीपत्रकात हाउस पार्टीचं वचन, म्हणजे घरभर पाहुणे, गप्पा, नाचगाणी. पहिल्या आठवड्यात तेराएक माणसं होती, दुसऱ्या आठवड्यात हा एकटाच. योडेल (आल्प्समधलं आवाज चढउतार करत म्हणायचं गाणं) गाणाऱ्याची संध्याकाळ ठरलेली, तर गावातला एक माणूस कामावरच्या कपड्यांत आला, चार-पाच गाणी भराभर म्हणून निघून गेला. खालच्या कोर्टाने अर्धेच पैसे दिले, अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग वगैरे न्यायाधीशांनी १२५ पाउंड दिले, म्हणजे भरले त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यात निव्वळ हिरमोड झाल्याची भरपाई धरली. आता लक्ष द्या @सरळसोट, जार्विस पूर्ण दोन आठवडे राहिला होता.

जर्मनीत तर याचा तक्ताच आहे. फ्रँकफुर्टच्या कोर्टाने १९८५ च्या सुमारास केलेला, पॅकेज टूरमध्ये कशासाठी किती टक्के कापायचे त्याचा. रात्रीच्या गोंगाटाला १० ते ४० टक्के, दिवसाच्या गोंगाटाला ५ ते २५, कबूल केलेला समुद्र दिसत नसेल तर ५ ते १०. इतर कोर्टांना तो बांधील नाही, पण बोलणी तिथून सुरू होतात. मला यातली पद्धत आवडते. "सगळी सुट्टी वाया गेली, अर्धे द्या" यावर मालक नुसता नाही म्हणतो. "तीनपैकी एक बेडरूम नव्हतीच, तिचा हिस्सा द्या, शिवाय बुरशीचे इतके" असं म्हटलं की त्याला एकेका मुद्द्यावर उत्तर द्यावं लागतं.

आणि तो अंगठा जपून ठेवा. मालक म्हणतो काही बोलला नाहीत, तुमच्याकडे दुसऱ्याच दिवशीचे तारीखवेळेसकट फोटो आहेत आणि त्याने ते पाहिल्याची त्याचीच खूण आहे. अंगठा दाखवणारा स्वतःच अडकलाय.

सरळसोट
वाचला खटला. पण ती टूर कंपनी होती, छापील माहितीपत्रक, खोटी जाहिरात. इथे एक साधा घरमालक आहे. आणि प्रत्येक जण असा जार्विस व्हायला लागला तर चार_खोल्यांसारख्या लोकांनी कुलूप लावायचं का?

चार_खोल्या
माझ्या खांद्यावरून बंदूक नको बुवा. मी तीन बेडरूम लिहिल्या तर तीन देतो.

निमूट
माझा अनुभव नेमका उलटा आहे म्हणून लिहिते, एरवी मी वाचूनच जाते. आम्ही सरळसोट म्हणतात तसं केलं. पोचलो, अंथरुणात ढेकूण, अर्ध्या तासात बॅगा उचलल्या, दुसरीकडे दुप्पट पैसे देऊन राहिलो. साइटवर रिफंड मागितला तर उत्तर काय, तुम्ही मालकाला दुरुस्तीची संधीच दिली नाही, स्वतःहून बुकिंग सोडलंत, फोटोही नाहीत. एक पैसा मिळाला नाही. म्हणजे राहिलात तर "राहिलात ना" आणि गेलात तर "गेलात ना". दोन्हीकडून आपणच.

कलमबहाद्दर
@निमूट, तुमचं निघणं चुकलं नाही, क्रम चुकला. आधी फोटो, मग मालकाला लेखी, मग साइटला लेखी, त्यांचं उत्तर येईपर्यंत हवं तर गाडीत बसा, आणि मग निघा. फोनवर बोलणं झालं तरी लगेच त्याच अ‍ॅपमध्ये "आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे..." असं टाकायचं. काही ठिकाणी मुदतीही असतात, एअरबीएनबीच्या नियमांत अडचण कळल्यापासून ७२ तासांत सांगावं लागतं. उंडगीताईंची साइट कुठली ते विचारत नाही, पण तिथली मुदत आजच बघा.

कार्डने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा, रस्ता उरतो, "सांगितलं तसं मिळालं नाही" हे त्यातलं मान्य कारण आहे, साधारण १२० दिवसांच्या आत. बँक आधी विचारते की मालकाकडे मागितले होते का, तेव्हा त्याचा तो "कसला रिफंड" वाला मेसेज इथे तुमच्या कामी येईल. मात्र बँक मालकाचंही ऐकते, पाचही रात्री वापर झाल्याचा मुद्दा तो मांडणारच, त्यामुळे पूर्ण रकमेची आशा धरू नका. हिस्साच मागा.

सरळसोट
हिस्सा मागा, याला माझा विरोध नाही. माझा विरोध "अर्धे द्या" ला होता, कुठून आला तो अर्धा आकडा?

उंडगी
खरं सांगू? रागातून आला. गाडीत येताना ठरवला. 😅

हिशोब करायला बसले काल रात्री. एक बेडरूम नव्हती म्हणून एक तृतीयांश मागावा तर हॉल, बाकी खोल्या वापरल्याच ना आम्ही, मग तो जास्त वाटला. शेवटी खोलीसाठी वीस टक्के, बुरशीसाठी दहा, पायऱ्यांसाठी काही नाही कारण तळमजला खोटा नव्हता, मीच कठड्याचं विचारायला हवं होतं (सासूबाईंना दोघांनी धरून चढवायचो तेव्हा त्या म्हणायच्या देवळात आल्यासारखं वाटतंय). व्ह्यूसाठी पाच. बांधकामाचं सोडलं. पस्तीस टक्के मागितले, फोटो जोडून, मुद्देसूद. अर्ध्या तासात फोन! ज्या माणसाने पाच दिवस फोन उचलला नाही तो स्वतः. म्हणतो ताई, तीस टक्के लगेच पाठवतो, फक्त रिव्ह्यू टाकू नका.

आता सांगा.

सरळसोट
घ्या आणि विषय संपवा. मालकाला आपलं नाव सांभाळायचा हक्क आहे, तुम्हाला पैशाशी मतलब.

भिंगरी
अजिबात नाही! पुढच्या सहा जणांचं काय, त्यांच्यातल्या कुणीतरी त्या पायरीवर डोकं आपटायचं का? हे तोंड बंद ठेवायचे पैसे झाले.

निमूट
मी असते तर घेतले असते. मला शून्य मिळालंय म्हणून असेल, पण तत्त्व सांभाळायला दुसऱ्याचे पैसे बरे असतात.

कलमबहाद्दर
रिफंडच्या बदल्यात रिव्ह्यू दाबणं बहुतेक साइट्सच्या नियमांतच बसत नाही. त्याला तीच ऑफर लेखी द्यायला सांगा, अ‍ॅपमध्ये. नव्वद टक्के शक्यता की लिहिणार नाही. आणि लिहिली तर साइटवाल्यांनाच दाखवा.

चार_खोल्या
मालक म्हणून सांगतो, त्याला वाईट रिव्ह्यूची भीती नाहीये, "तिसरी बेडरूम नाही" या एका वाक्याची आहे, कारण सहा जणांची बुकिंग त्याच वाक्याने जातात. शिव्या देणारा रिव्ह्यू लोक सोडून देतात, आजच्या जमान्यात सगळेच शिव्या देतात. साधं मोजमाप लिहा, जिन्याखालची जागा, उंची इतकी. त्याने रिफंड दिला तर तेही लिहा, प्रामाणिकपणे.

उंडगी
लेखी मागितलं. दोन तास टायपिंग... टायपिंग... दिसत होतं, मग काहीच नाही. आज सकाळी वीस टक्के जमा झाले, सोबत मेसेज नाही, अट नाही, अंगठाही नाही. बाकीचे पंधरा साइटकडे मागितलेत, बघू. रिव्ह्यू टाकला, वीस टक्के मिळाल्याचं लिहून. उंची मोजलेली नव्हती तर नवरा म्हणाला मी ताठ बसलो की लागतं असं लिही.

सरळसोट
वीस टक्के मिळाले ते बरं झालं. अजूनही म्हणतो, चाव्या देताना बोलायला हवं होतं. हलकेच घ्या.

भिंगरी
तळ्याच्या व्ह्यूचा फोटो टाकलात की नाही रिव्ह्यूत?

उंडगी
टाकला. बादलीसकट.