दुहेरी कोंबडी म्हणे! (गिरिराज-वनराजवाल्यांना उत्तर)

परसातली खुडूक
काल एका दादांनी इथे लिहिलं, "कोकणात गावठी पाळणं ही निव्वळ हौस. गिरिराज-वनराज या दुहेरी संकरित जाती धरा, अंडीही आणि चिकनही." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आमच्याकडे गुहागरात तीन वर्षांपूर्वी २५ गिरिराज आणल्या. सहाव्या महिन्यात अंडी सुरू झाली, खोटं कशाला बोलू, मी हरखले. मग पाऊस लागला. आमच्या गावठ्या तिन्हीसांजेला आपणहून फणसावर चढतात. या बाया अडीच-तीन किलोच्या, खुराड्याच्या फळीवर चढतानाही धापा टाकायच्या. मुंगूस दिसलं की गावठी बोंबलत थेट कौलावर. गिरिराज मात्र मान वाकडी करून त्याच्याकडे बघत उभी, पाहुणा आल्यासारखी. दोन महिन्यांत नऊ गेल्या.

आणि मुख्य म्हणजे एकही खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली नाही. पिल्लं पुन्हा विकत आणा. गावठीखाली त्यांची अंडी ठेवून बघितली, तर पिल्लांत कोण कोणावर गेलंय कळेना. संकरातलं वाण, पुढच्या पिढीत गुण विखुरणारच. जिची पुढची पिढी दरवेळी टेम्पोतून येते, ती कसली दुहेरी?

हिशेबनीस
ते दादा मीच. ताई, नऊ कोंबड्या मुंगसाने खाल्ल्या हा जातीचा दोष की जाळीचा?

गावठी वर्षाला ५०-६० अंडी देते. वीसेक घातली की खुडूक, मग पिल्लांमागे दोन-तीन महिने सुट्टी. वनराज परसात शंभराच्या आसपास देते, अंड्यांसाठीची संकरित ग्रामप्रिया दीडशेच्या वर. गावठी कोंबडा दीड किलोचा व्हायला सहा-सात महिने लागतात. मी शिमग्यानंतर वनराजची पिल्लं आणतो, गटारीला कोंबडे तयार. गावठीवाले तेव्हा दुसऱ्याच्या दारात पिशवी घेऊन उभे असतात.

परसातली खुडूक
जाळी होती. चिऱ्याच्या गडग्याखालून, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीखालून, उकरून आत आलं. तुमच्याकडची मुंगसं दार वाजवून येत असतील.

मालवणी खाजा
अरे बाबानू, खाण्याचा बोला. गावठी कोंब्याचो रस्सो तो रस्सो. गिरिराजाचो रस्सो म्हणजे बटाट्याचो रस्सो. आमच्या हयसर अर्धे होमस्टेवाले पर्यटकांका रंगीत पिसांची कोंबडी दाखवतत आणि 'गावठी' म्हणान वडे-सागोती वाढतत. मुंबयवाल्याक काय कळता?

होमस्टेवाली
'अर्धे' कुठून मोजलेत? सीझनला रोज दहा ताटं लागतात. एवढे गावठी कोंबडे कुठून आणू, तुम्ही देता? गावठी दीड तास चुलीवर ठेवली तरी तंगडी तुटत नाही. मग तेच पाहुणे 'कडक होतं' म्हणून एक तारा देतात. मी वनराज वापरते आणि विचारलं तर सांगते.

मालवणी खाजा
"विचारलं तर." वा!

होमस्टेवाली
बाजारातला कोळी सुरमई कुठल्या समुद्रातली ते सांगून विकतो का? उगाच माझ्यावर घसरू नका.

अंडेवाला
अंड्यांचंही तेच. कवच तपकिरी दिसलं की लोक गावठीचे पैसे मोजतात. कवचाचा रंग जातीवर, बलकाचा रंग खाण्यावर. हिरवा पाला घाला, कुठल्याही कोंबडीचा बलक केशरी होतो. आमच्या बाजूच्या दुकानात चहाच्या पाण्यात बुडवलेली अंडी विकली जायची. हाताला रंग लागला तेव्हा कळलं.

हिशेबनीस
धागा कोंबडीचा आहे की ग्राहक मंचाचा?

चिपळूणकर काका
दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडताय. 'गावठीला रोग होत नाही' हे ऐकून माझे कान किटलेत. माझ्या आईच्या ३० गावठ्या मानमोडीने, म्हणजे रानीखेत रोगाने, चार दिवसांत गेल्या. एक मान पाठीवर टाकून गोल फिरत होती, अजून डोळ्यांसमोर आहे. रानीखेत जात विचारत नाही. त्याची लस लासोटा, पिल्लाला सातव्या दिवशी द्यायची म्हणजे द्यायची. अडचण वेगळीच. कुपी किमान शंभर डोसांची, तुमच्या कोंबड्या बारा. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, तीही बर्फात ठेवून. म्हणून आमच्या वाडीत सहा घरं एकाच सकाळी देतात. ते जमलं नाही तर गिरिराज काय आणि गावठी काय, खड्डाच खणायचा.

आणि पावसाळ्यात खुराड्यात अंथरलेलं तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण ठरलेली. ते रोज खालीवर करायला कोणाला वेळ आहे ते आधी सांगा, मग जात निवडा.

परसातली खुडूक
काका, 'रोग होत नाही' असं मी कुठे लिहिलंय? पण लसीचं बरोबर. आम्ही दिली नव्हती.

हिशेबनीस
आता कळलं नऊ कुठे गेल्या.

परसातली खुडूक
मुंगसाने नेल्या! पिसं मी गोळा केलीत.

मालवणी खाजा
काय पण सांगा, देवाच्या राखणेक कोंबो गावठीच व्हयो. देवाक वनराज चालना नाय.

हिशेबनीस
देवाने अंडी मोजली नाहीत अजून. बरं ताई, तुमच्या एका मुद्द्याला मान देतो, नाइलाजाने. माझ्याकडेही दोन गावठ्या आहेत, फक्त उबवायला. हॅचरीची गाडी चुकली की त्यांच्याखाली बारा-बारा अंडी ठेवतो. सातव्या रात्री अंड्यात जीव धरलाय का ते बॅटरी लावून बघतो, एकवीस दिवसांत काम. उबवणी यंत्रासारखं बटण नाही, लाइट गेल्याची भीती नाही.

परसातली खुडूक
म्हणजे हौस तुम्हीही करता. छान. मीही सहा ग्रामप्रिया ठेवून बघेन, नुसत्या अंड्यांसाठी. गिरिराज मात्र दारात नको. पिल्लांची गाडी तुमच्याकडे कधी येते?

हिशेबनीस
दुसऱ्या शनिवारी. आधी गडग्याखाली सिमेंट घाला.