चौकशी न करताच दोन वेतनवाढी कायमच्या बंद, अपील करू का?

प्रश्न (अव्वल कारकून, महसूल):
आमच्या अभिलेख कक्षातली फेरफाराची एक जुनी संचिका सापडत नाही. कक्षाचा पदभार माझ्याकडे येण्याआधीपासूनच ती गहाळ असावी, कारण पदभाराच्या यादीत तिची नोंद नाही. मला शिस्तीच्या नियम १० खाली ज्ञापन (आरोप कळवून खुलासा मागणारं पत्र) आलं, मी खुलासा दिला. त्यानंतर थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा आदेशच हातात पडला : ‘दोन वेतनवाढी कायमस्वरूपी रोखण्यात येत आहेत.’ साक्षीदार नाहीत, चौकशी अधिकारी नाही, काहीच नाही. मी २००५ च्या आधी लागलेली, म्हणजे जुनी पेन्शन लागू, आणि निवृत्ती जवळ आली आहे. ऑफिसात सगळे म्हणतात, अपील करू नका, शिक्षा वाढेल. खरं आहे का हे?

उत्तर (निवृत्त, आस्थापना शाखा):
ताई, अपील कराच. तुमच्या आदेशातला ‘कायमस्वरूपी’ हा शब्दच तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधला नियम १० किरकोळ शिक्षेसाठी आहे. ज्ञापन द्यायचं, खुलासा घ्यायचा, आदेश काढायचा. पण त्याच नियमाचा पोटनियम (२) पाहा. वेतनवाढ रोखल्याने पेन्शनवर परिणाम होणार असेल, किंवा ती तीन वर्षांहून जास्त काळ रोखायची असेल, किंवा पुढच्या वेतनवाढींवर परिणाम होईल अशा रीतीने रोखायची असेल, तर नियम ८ प्रमाणे रीतसर चौकशी करावीच लागते. दोषारोपपत्र, साक्षीपुरावा, उलटतपासणी, सगळं. तुमची पेन्शन शेवटच्या मूळ वेतनावर ठरणार, म्हणजे या दोन वेतनवाढींचा तोटा तुम्हाला मरेपर्यंत सोसावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली कुलवंत सिंग गिल खटल्यात, पंजाबच्या नियमांच्या बाबतीत का होईना, हेच सांगितलं : अशी शिक्षा किरकोळ नाही, ती चौकशीशिवाय देता येत नाही.

म्हणून अपिलात ‘मी निर्दोष आहे’ यावर पानंच्या पानं लिहू नका. पहिला मुद्दा हाच : नियम १०(२) पाळलेला नाही. पदभाराची यादी दुसऱ्या मुद्द्यात जोडा. भाषा संयमी ठेवा, साहेबांवर आरोप नकोत. अपिलात अनादराची भाषा नसावी असं नियमच सांगतो. आणि जे म्हणायचं ते सगळं त्याच अर्जात यायला हवं.

मुदत आदेशाची प्रत हातात पडल्यापासून ४५ दिवस. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, म्हणून अपील विभागीय आयुक्तांकडे.

शिक्षा वाढण्याबद्दल : अपिलीय प्राधिकाऱ्याला तो अधिकार आहे, हे खरं. पण तुम्हाला नोटीस देऊन म्हणणं ऐकल्याशिवाय नाही, आणि मोठी शिक्षा द्यायची तर आधी चौकशी करूनच. इथं चौकशीच झालेली नाही. या एका भीतीपोटी कितीतरी चांगल्या कर्मचाऱ्यांनी अपिलाची मुदत घालवलेली मी पाहिली आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

उत्तर (वकील, सेवाविषयक प्रकरणे):
वरचं बरोबर. थेट मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) धावू नका. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० प्रमाणे आधी अपील करावं लागतं. सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर तिथून पुढे एक वर्षाच्या आत मॅटमध्ये जाता येतं. पुष्कळ जण स्मरणपत्रं पाठवत बसतात. त्याने मुदत वाढत नाही. वाचणाऱ्यांत जिल्हा परिषदेचे कोणी असतील तर त्यांना १९७९ चे हे नियम लागू नाहीत, त्यांचे १९६४ चे वेगळे आहेत.

प्रश्नकर्ती :
खूप आधार वाटला. पण अपील आमच्याच ऑफिसमार्फत जायचं आहे आणि आवकवाले ‘साहेबांना विचारून घेतो’ म्हणतात.

उत्तर (निवृत्त, आस्थापना शाखा):
विचारायचा प्रश्नच नाही. मूळ अपील ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मागा. नाही म्हणाले तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. आगाऊ प्रत आयुक्त कार्यालयात स्वतः नेऊन पोच घ्या. आदेश मिळाल्याची तारीख ज्यावर आहे तो कागद आणि ज्ञापनाची प्रत आजच झेरॉक्स करून घरी ठेवा.