दसरा ते कार्तिक पुनव: कुठं हिंडले, कोणाकडे मुक्काम टाकला, आन् झोप उडवणारं काय वाचलं?

धागा सुरू करणारा, दर्यापूर तालुका

मंडळी रामराम. सोयाबीन निघालं, कपाशीत सीतादईचा दहीभात (वेचणीआधीच्या पूजेचा नैवेद्य) ठेवून झाला, हरभऱ्याची पेरणी चार दिवसांवर आहे. वर्षातले हेच आठ-दहा दिवस असे की गाडीला किक मारली तर घरचे "कुठं चालला" म्हणून विचारत नाहीत. दुपारी ऑक्टोबरचं ऊन टाळकं तापवते, पण सहा वाजले की अंगणातून उठावंसं वाटत नाही आणि पहाटे पायाशी पडलेली गोधडी वर ओढावी लागते. तर या दिवसांत तुम्ही कुठं गेले, कोण्या दोस्ताकडे उतरले, आणि रहस्याचं, भुताचं, खुनाबिनाचं काय वाचलं ते लिहा. शुद्धलेखन कोणी पाहणार नाही. एकच अट, खुनी कोण ते सांगायचं नाही.

पहिले माझंच सांगतो. आम्ही चौघं, दोन गाड्या, परतवाड्याहून धामणगाव गढीच्या रस्त्यानं चिखलदरा. पावसाळ्यातल्या रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, आता घाट मोकळा, गवत पिवळं पडायला लागलेलं, भीमकुंडाची धार बारीक झालेली. पंचबोल पॉइंटवर एकानं बायकोच्या नावानं हाक मारली, दरीनं ती चार-पाच डाव परत दिली, तर तो म्हणे घरी इतके डाव हाक मारली तरी एक ओ येत नाही.

दुपारी गाविलगडावर गेलो. हा किल्ला १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीनं घेतला, तोच जो पुढं नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, हे मी मोठ्या रुबाबात सांगत होतो आणि सांगता सांगता मागं पाहिलं तर आम्ही तिघंच. चौथा गायब. फोनला रेंज नाही. हाका मारल्या, तलावाकडे पाहून आलो, बुरुजाखाली वाकून पाहिलं, अर्धा तास गेला आणि खरं सांगतो पोटात गोळा आला, कारण ते सारं जंगल आहे, मेळघाट आहे, अस्वलाचा भाग आहे. शेवटी पडक्या मशिदीच्या कमानीखाली सापडला. माझ्या बॅगेतलं वाचनालयाचं पुस्तक काढून निवांत वाचत बसला होता. वर आम्हालाच म्हणे, "थांबा ना बे, तीसच पानं राहिली."

आता त्या पुस्तकाचं. पान १४ वर कोणी तरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं, "खुनी डॉक्टर आहे." असा संताप आला की काय सांगू. मग काय, डॉक्टरनं चहा घेतला तरी मी संशयानं वाचतो, डॉक्टर हसला तरी संशय. आणि नव्वदाव्या पानावर डॉक्टरचाच खून झाला. पुस्तकाचं नाव आता लिहीत नाही, कारण डॉक्टर मेला हे मीच सांगून बसलो.

जागलवाला, तेल्हारा तालुका

भाऊ तुमचं चिखलदरं तुमाले मुबारक, मी यंदा घर ते वावर अन् वावर ते घर. खायापुरती अर्धा एकर ज्वारी पेरली, आमच्या इकडे आता ज्वारी कोणी पेरत नाई, म्हणून सातपुड्यातले झाडून सारे डुक्कर मायाच वावरात येते. मंग रात्रीची जागल. माचानावर चटई, घोंगडी, ब्याटरी, फटाक्याची लड अन् मोबाईल. पयले दोन दिवस रील पाह्यल्या, मंग नेट बी गेलं. एका दोस्तानं भुताची कादंबरी पाठवेल होती थे उघडली. ओसाड वाडा, अन् कोणी तरी रोज रात्री जिन्याची एक पायरी वर चढते, बस एकच, दुसऱ्या दिवशी आणखीन एक. वाचता वाचता मायं ध्यान आपल्या माचानाच्या शिडीकडे गेलं. तिले सातच पायऱ्या.

एक वाजता खाली आवाज आला. खळ्ळ... खळ्ळ... जसं कोणी सुपात बांगड्या हालवून रायलं. डुकराचा आवाज मले मालूम हाय, कोल्ह्याचा मालूम हाय, हा कायचा? ब्याटरी मारायची हिंमत होईना. चुपचाप त्याच दोस्ताले फोन लावला, म्हटलं येतं का बे. काहून म्हणून बी न विचारता थर्मासमदी चहा घेऊन आला लेकाचा, दोन किलोमीटर अंधारात. त्यानं ब्याटरी मारली तं धुऱ्यावर सायाळ! मले त आजलोक वाटे सायाळ काटे फेकून मारते, तो म्हणे फेकत नाई, घाबरली का शेपटीचे काटे असे वाजवते, दूर राहा म्हणून. म्हणजे थे मले भेली होती अन् मी तिले.

मंग चहा पीत बसलो अन् बयाडानं मले पुऱ्या कादंबरीचा शेवट सांगून टाकला. सात पायऱ्या उतरवून परत पाठवला त्याले.

सिस्टर, आर्वी तालुका

जागलवाले भाऊ, हसून हसून ड्युटीवर डोळ्यात पाणी आलं.

आमचं आवळीभोजन झालं. नर्सिंगला एकत्र होतो त्या पाच जणी, अकरा वर्षांनी. एकीच्या सासरच्या शेतात आवळ्याचं मोठं झाड आहे, त्याच्याखाली गोवऱ्यांत रोडगे भाजले, वांग्याची भाजी, घट्ट वरण, आणि झाडावरचेच आवळे मीठ लावून. पहिला तासभर कोणाचं काय दुखते हेच चाललं, सिस्टर लोक जमले की दुसरं काय बोलणार. मग एकीनं विचारलं सध्या काय वाचते, आणि मी जे सुरू झाले ते रोडगे करपेपर्यंत.

जावेच्या मुलानं मला अगाथा ख्रिस्तीचं द पेल हॉर्स दिलं, इंग्रजीतलं, १९६१ चं. मोबाईलवर शब्द पाहत पाहत सव्वा महिना लागला. खुनी सांगत नाही, पण विष सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, त्यासाठी माफी, ज्यांना वाचायचं आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा. विष आहे थॅलियम. याला वास नाही, चव नाही, आधी पोटाचं, मग हातापायाला मुंग्या, आणि मग केस गळतात. ख्रिस्तीबाईंना हे सारं ऐकीव माहीत नव्हतं, पहिल्या महायुद्धात त्या दवाखान्याच्या औषधखोलीत कामाला होत्या. खरी गोष्ट पुढं आहे. १९७७ मध्ये कतारहून लंडनच्या एका हॉस्पिटलात दीड वर्षाची मुलगी आणली होती. डॉक्टरांना निदान होईना, पोर हातची चालली. तिथली एक नर्स नेमकं हेच पुस्तक वाचत होती, तिनं मुलीचे केस पातळ होताना पाहिले आणि राउंडवर म्हणाली थॅलियम असू शकते का. तपासलं तर तेच निघालं. मुलगी वाचली. रात्रपाळीत पुस्तक वाचू देत नाही म्हणणाऱ्या समस्त वरिष्ठांनी हे वाचावं.

पण एक सांगू का, माझ्या मैत्रिणींपैकी एक यवतमाळकडे आहे, ती मधेच गप्प झाली. २०१७ चा हाच सीझन, सप्टेंबर-ऑक्टोबर, कपाशी डोक्याएवढी वाढलेली आणि फवारणीतून विषबाधा झालेले पेशंट एकामागून एक. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंग घामानं निथळते. ॲट्रोपिन, म्हणजे उताऱ्याचं इंजेक्शन, भरता भरता हात दुखून यायचे म्हणाली. तिथं कोणी शोधत बसत नाही विष कोणतं आणि दिलं कोणी, डबा नातेवाईकाच्या पिशवीतच असते. ती म्हणे तुमच्या पुस्तकात एका विषाला दोनशे पानं लागतात. मला काही उत्तर सुचलं नाही, मी तिला रोडगा तूप घालून दिला. संध्याकाळी निघताना मात्र पुस्तक तीच मागून घेऊन गेली.

संत्रावाला, वरुड तालुका

आमच्याकडे संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला, त्यामुळे फिरणं बंद, वाचणं बंद. ज्यांना सस्पेन्स पाहिजे त्यांनी संत्र्याचा बगीचा घ्यावा. व्यापारी सौदा करून इसार (आगाऊ रक्कम) देऊन जाते आणि मग तो तोडायला येते का भाव पडला म्हणून फोन बंद करते हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. आले तर या कोणी, झाडाखाली बसून संत्री खाऊ, साल तिथंच टाकायची.

सिस्टर, आर्वी तालुका

पाचही जणी येतो. पत्ता पाठवा.

रिटायर झालेल्या बाई, हिंगणघाटजवळ

आमच्या लहानपणी पहिलं रहस्य म्हणजे भुलाबाईची खिरापत. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज घरोघरी जायचं, गाणी म्हणायची आणि मग डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायचं. खळखळ वाजलं तर फुटाणे नाही तर दाणे, मऊ धप्प वाजलं तर वडी नाही तर शिरा. जिच्या आईची खिरापत कोणालाच ओळखू येत नसे तिचा मान मोठा. माझी आई यात पक्की बदमाश, तिनं एकदा डब्यात कापूस भरून मधे करंज्या ठेवल्या, आवाजच नाही! पोरी अंधार पडेपर्यंत हरल्या.

तेव्हाच बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचायची चटक लागली. हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसानं, झुंजार काय, धनंजय-छोटू काय, काळा पहाड काय. घरी बंदी. माझा मोठा भाऊ तालुक्याहून भाड्यानं आणायचा, एका रात्रीचं भाडं, म्हणून रात्रीतच संपवावं लागायचं, आणि कंदिलात रॉकेल किती उरलं यावर आई सकाळी आम्हाला पकडायची. आता कोणी रोखणारं नाही आणि डोळे दहा पानांवर पाणावतात.

यंदा कोजागिरीला जुनी मैत्रीण आली, शाळेत माझ्या बाकावर बसणारी. गच्चीवर दूध आटवत ठेवलं, चारोळी-वेलची टाकली, आणि तिला म्हटलं तू वाच मी ऐकते. तिनं एक रहस्यकथा वाचायला घेतली, रंगात आली, चंद्र डोक्यावर आला, आणि दूध उतू गेलं ते दोघींनाही कळलं नाही. पातेलं अजून घासते आहे.

वडश्याकडचा एक

बाई लय मस्त लिवलं जी तुमी.

आमच्या झाडीत, म्हणजे झाडीपट्टीत, भाऊबीज झाली का मंडई सुरू. आज या गावची, उद्या त्या गावची. एका गावची मंडई म्हणजे घराघरात पावणे, दिवसा दंडार (नाचगाण्याचा लोकखेळ), बाजार, उकडलेले शिंगाडे, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं गावच आहे, बाहेरच्यांना वाटते गावठी प्रकार असेल, पण दहा-अकराला पडदा उघडला की पहाटेपर्यंत हजारो माणसं शेतातल्या मंडपात बसून असतात, आणि हे होळीपर्यंत चालते.

मी यंदा दोस्ताच्या गावी गेलो होतो. नाटकात अडीच वाजता गोळी चालली, लाईट गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय सीन केला! दहा मिनिटं झाली तरी अंधारच, मग कळलं लाईट खरीच गेली, जनरेटरमधलं डिझेल संपलं. डिझेल येईपर्यंत मंडपात खुनी कोण यावर नुसती भांडणं. दोस्ताची आजी ठामपणे म्हणाली सावत्र भाऊ. पहाटे निघाला दुसराच, तर आजी म्हणे, "लिवणाऱ्याचं चुकलं." मंडईत लग्नंही जमतात, माझ्यासाठी एक जागा दाखवली होती, त्याचा निकाल अजून लागायचा आहे.

नाव-गाव सांगत नाही

वर दर्यापूरच्या भाऊनं लिहिलेलं वाचून जरा घाम फुटला. पुस्तकात पेन्सिलीनं लिहिणारे लोक वाईट नसतात हो. मी आमच्या गावच्या वाचनालयात आठवीपासून हे काम करतो. खरा खुनी कधीच लिहीत नाही, चुकीचाच लिहितो, म्हणजे उलट वाचणाऱ्याला मदतच की, खरा त्याच्या डोक्यात येतच नाही. डॉक्टर माझा नाही. माझं अक्षर डावीकडे झुकते.

धागा सुरू करणारा, दर्यापूर तालुका

पान १४ चं अक्षर डावीकडेच झुकते आहे दादा, फोटो काढून ठेवला आहे.

काल पुस्तक परत करायला गेलो. ग्रंथपाल काकांनी पान १४ उघडून माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच लिहिलं, खोडरबर हातात दिलं आणि स्वतः रजिस्टर आणायला आत गेले. मी खोडलं नाही. डॉक्टरच्या खाली आणखी एक नाव लिहून आलो.

सिस्टर, आर्वी तालुका

कोणाचं?

धागा सुरू करणारा, दर्यापूर तालुका

ताई, अट वाचा.