युगांडाला निघालोय, आफ्रिकेबद्दल काय वाचू?

पॅनवाला_कागल
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात पॅन सेक्शनला (रस उकळून साखर करतात तिथं) आहे. युगांडातून, जिंजाच्या बाजूच्या एका कारखान्यातून बोलावणं आलंय. घरात दोन तट पडलेत. आईला सिंह आणि इबोला दिसतो, सासऱ्यांना तिथला हुकूमशहा ईदी अमीन. कट्ट्यावरचे विचारतात, "तिथं लाईट असते का रे?" माझंही ज्ञान भूगोलातला सहारा आणि टीव्हीवरच्या जिराफांपुरतंच.

जायच्या आधी नीट वाचावं म्हणून आफ्रिकेच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं, तर निम्म्यापर्यंत नुसत्या गोऱ्यांच्या मोहिमा. कादंबऱ्या वाचून काही कळेल का? इंग्रजी कामापुरतं येतं. आणि एवढी जमीन, एवढं पाणी असून हे देश गरीब का, तेही कुणीतरी सरळ सांगा.

जुना_केमिस्ट
भावा, ते जाड पुस्तक ठेव बाजूला. आफ्रिका वाचायच्या भानगडीत पडूच नको, युगांडा वाच. खंडात 54 देश, आपला भारत त्यात नऊ वेळा बसेल. अख्खा खंड वाचायला गेलास की हाताला जिराफच लागतो.

मी तिकडं बॉयलिंग हाऊसला केमिस्ट होतो, आधी युगांडा, मग केनिया. आता निवृत्त. सकाळी करवीर नगर वाचन मंदिरात पेपर चाळतो आणि दुपारी इथं तुमच्याशी वाद घालतो.

सुरुवात गोऱ्यांच्या आधीपासून कर. नाईलचा उगम शोधत स्पीक नावाचा इंग्रज 1862 मध्ये युगांडातल्या बुगांडा राज्यात पोचला, तेव्हा तिथं मुटेसा राजा गादीवर होता. राजाला तिथं कबाका म्हणतात. दरबार, प्रधान, आरमारासारख्या होड्या, रुंद राखलेले रस्ते, सगळं होतं. रस्त्यांचं कौतुक खुद्द स्पीकनं लिहून ठेवलंय. इंग्रजांचा अंमल 1894 चा. म्हणजे तुझं पुस्तक जिथं सुरू होतं तिथं गोष्ट बरीच पुढं गेलेली असते.

गरीब का, याचं एक उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. केनियातल्या मोंबासा बंदरातून आत युगांडाकडं जाणारी लाईन 1896 ला सुरू झाली. ती टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. लाईन पुढं कामाला आली कशासाठी? आतला कापूस, पुढं कॉफी, बंदरावर आणायला. कापूस पिकवायचा तिथल्या शेतकऱ्यानं, जिनिंग आणि दुकानदारी बहुतेक आपल्या लोकांच्या हातात, आणि भाव ठरवणारा साहेब. तीन मजले, आणि आपण मधल्या मजल्यावर. हे समजून घेतल्याशिवाय सासऱ्यांचा अमीन समजणार नाही. 1972 मध्ये त्यानं आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला ते क्रूरच होतं, त्यात दुमत नाही. पण गर्दी टाळ्या वाजवत होती ती का, हे आपल्यातलं कुणी विचारत नाही. पुढं राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या काळात बऱ्याच लोकांना जप्त मालमत्ता परत मिळाल्या, माणसं परतली, कारखाने पुन्हा धुरावले.

आता कादंबऱ्या. पहिलं पुस्तक खरं तर कविता आहे, घाबरू नको. ओकोट पबिटेक यांचं 'साँग ऑफ लाविनो', 1966 चं. मूळ उत्तर युगांडातल्या अचोली लोकांच्या भाषेतलं, इंग्रजीही त्यांनीच केलं, सोपं आहे. लाविनो ही खेड्यातली बाई, नवरा कॉलेज शिकून साहेब झालेला, आता त्याला ही गावंढळ वाटते. मग ती त्याला जे झोडपते! त्यानं घरात घड्याळ आणलंय, ते हिला वाचता येत नाही म्हणून तो ओरडतो. ती म्हणते, पोर रडलं की दूध पाजायचं, त्याला कसला आलाय टाइम. पुस्तकांच्या ढिगानं घराचं काळोखं रान झालंय ही तिची आणखी एक तक्रार. ऊसतोडीला तिथं उत्तरेकडून माणसं येतात, आपल्याकडं बीडकडून येतात तशी. त्यात अचोलीही असतात. हे पुस्तक वाचलेलं असलं की तू त्यांच्याकडं वेगळ्या नजरेनं बघशील.

दुसरं अचेबे, 'थिंग्ज फॉल अपार्ट', 1958. हे नायजेरियाचं, म्हणजे खंडाचं दुसरं टोक, तरी वाच. सुरुवातीलाच नायकाचा बाप उनोका भेटतो. बासरीवाला, कर्जबाजारी. शेजारी दोनशे कवड्या परत मागायला येतो, तर हा हसत हसत भिंतीवरच्या खडूच्या रेघा दाखवतो, एक रेघ शंभर कवड्यांची, आणि म्हणतो आधी मोठी देणी फेडू दे. आपल्याकडं कवड्या देवीच्या माळेत, तिकडं नाणं म्हणून बाजारात. मालदीवच्या कवड्या जहाजं भरभरून तिकडं गेल्या, आणि त्यांत माणसंही विकत घेतली गेली.

आणि शेवटच्या पानावर एक इंग्रज अधिकारी या नायकावर आपल्या पुस्तकात एखादा परिच्छेद लिहावा म्हणतो. आपण अख्खी कादंबरी ज्याच्यासोबत काढली तो माणूस, आणि त्याच्या वाट्याला एक परिच्छेद! तुझं जाड पुस्तक असल्याच लोकांनी लिहिलेलं असणार.

राजारामपुरी_रीडर
काका, नेहमीप्रमाणे तुम्ही इंग्रजी कादंबरीकार कॉनराडला फाटा दिलात. 'हार्ट ऑफ डार्कनेस' (1899) आधी वाचल्याशिवाय अचेबेचा राग कळत नाही. 1975 च्या भाषणात त्यांनी कॉनराडला थेट वर्णद्वेषी म्हटलं. मी एम.ए.ला दोन्ही शेजारी ठेवूनच शिकवते. कॉनराड 1890 मध्ये स्वतः काँगो नदीवर बोटीत होता, आणि बेल्जियमच्या लिओपोल्ड राजानं रबरासाठी तिथल्या लोकांचा केलेला छळ पुढं जगापुढं आला, त्यात या पुस्तकाचाही वाटा आहे.

आणि पॅनवाला, युगांडाला जाताय तर मकेरेरे विद्यापीठ बघून या. 1962 च्या जूनमध्ये तिथं अचेबे, शोयिंका वगैरे लेखक जमले होते. केनियाचे लेखक न्गुगी तेव्हा तिथंच विद्यार्थी. आफ्रिकेचं साहित्य इंग्रजीत असावं का यावर खल झाला. पुढं न्गुगी यांनी इंग्रजी सोडून गिकुयूत लिहिलं, आणि केनियाच्या तुरुंगात एक कादंबरी टॉयलेट पेपरवर.

खासबागचा_गडी
पुस्तकाचं मला काही माहीत नाही. पण आईला सांगा, येणं-जाणं जुनंच आहे. आपल्या संस्थानात शिकारीचे चित्ते आफ्रिकेतून यायचे. आणि निजामशाही चालवणारा मलिक अंबर मूळ इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला. 1624 ला भातवडीत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले.

जुना_केमिस्ट
मॅडम, वर्गात तुमचा क्रम बरोबर. पण याला वर्गात नाही, शिफ्टवर जायचंय. कॉनराडमध्ये नदी आहे, धुकं आहे, गोऱ्या माणसाचं मन आहे. काँगोतल्या माणसाला तोंड उघडायला किती जागा आहे ते मोजा. पहिलंच पुस्तक ते वाचून हा तिथं उतरला तर हाताखालची माणसं त्याला धुक्यातच दिसतील. परतल्यावर वाचू दे.

मलिक अंबराचं लई भारी काढलंस गड्या.

पॅनवाला, एक पुस्तकाबाहेरचं. 2007 मध्ये युगांडातल्या माबिरा जंगलाचा मोठा तुकडा उसाला द्यायचा घाट घातला गेला. राजधानी कंपालात त्याविरुद्ध मोर्चा निघाला, दंगल झाली, एका भारतीय माणसाला जमावानं ठार मारलं. त्याचा जंगलाशी काडीचा संबंध नव्हता. मधल्या मजल्याचं म्हणतो ते हेच. तेव्हा कँटीनमध्ये आपल्याच लोकांचा कोपरा धरून बसू नको. रस्त्यावर अंडं घालून गुंडाळलेली चपाती मिळते, तिला रोलेक्स म्हणतात. ती सगळ्यांबरोबर उभ्यानं खा.

पॅनवाला_कागल
काका, मॅडम, आभार. लाविनो मागवलं. सासऱ्यांना रेल्वेचं वाचून दाखवलं, ते गप्प आहेत. आईचं अजून इबोलावरच आहे. तिथं हंगाम कधी संपतो? सुट्टीचं विचारतोय.

जुना_केमिस्ट
हंगाम विसर. विषुववृत्ताचा पाऊस, जवळपास बारमाही गाळप. दुरुस्तीला बंद ठेवतील तेवढीच उसंत, सुट्टीचं करारात आधीच लिहून घे. पिवळ्या तापाची लस घे आणि तिचं कार्ड पासपोर्टमध्येच ठेव, परत येताना मुंबईलाही विचारतात. एक स्वेटर टाक. जिंजा 1200 मीटरच्या आसपास उंचीवर आहे, रात्रपाळीला गारवा लागतो.