कॅनडा पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज चिनी पत्रिका बघून टाकावा का? सिंगापुरात तारीख काढून देणारं खात्रीचं कुणी आहे का?

मनवा_सिंगापूर

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून लिहितेय.

मी सिंगापुरात नर्स आहे. नवरा लॉजिस्टिक्समध्ये, मुलगी प्राथमिक शाळेत. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत (गुणांवर पीआरसाठी निवडतात ती पद्धत) मुख्य अर्जदार मीच असणार, कारण आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी वेगळे ड्रॉ, म्हणजे निमंत्रणाच्या फेऱ्या, होतात. डिग्रीच्या मूल्यांकनाचा अहवाल हातात आहे, अनुभवाची पत्रं आली आहेत, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) ऑक्टोबर 2024 चं आहे. फक्त प्रोफाइल सबमिट करायचं बाकी.

माझी वॉर्डातली सीनियर इथलीच चिनी. तिने माझी जन्मतारीख विचारली (9 फेब्रुवारी 1988) आणि फोनमध्ये बघून म्हणाली, "तू ससा. यंदा घोड्याचं वर्ष, सशाचं वर्षदेवतेशी वाकडं. यंदा मोठं काही सुरू करू नकोस, पुढच्या वर्षी मेंढी येते, ती सशाची मैत्रीण." ही बाई उगाच बोलणाऱ्यातली नाही. तिच्या दोन्ही भावांनी तारीख काढूनच ऑस्ट्रेलियाचे अर्ज टाकले आणि दोघेही आज पर्थला आहेत.

इकडे सांगलीहून सासूबाईंचा निरोप आहे की 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, त्यात शुभकार्य नको. म्हणजे दोन्ही पंचांगांनी मिळून मला कोपऱ्यात घेतलंय.

तर, कुणी चिनी पद्धतीने तारीख काढून अर्ज टाकलाय का? आणि सिंगापुरात हे काम नीट करणारं कोण?

नाना_खवट

अर्जदार सांगलीची, तारीख चीनची, वायफाय सिंगापूरचं, सर्व्हर कॅनडाचा. ग्रहांनाच आधी ट्रान्झिट व्हिसा काढावा लागेल. हलके घ्या.

गंभीरपणे एकच: जन्मतारीख अशी चारचौघांत टाकू नका हो.

तिरफळ

हैदराबादजवळ चिलकूर बालाजी आहे, लोक व्हिसा बालाजीच म्हणतात. जाताना 11 प्रदक्षिणा घालून मागायचं, काम झालं की येऊन 108 घालायच्या. माझ्या मावसभावाने 108 घातल्या, आता डॅलसला आहे. तारखेची भानगडच नाही.

पेनांगची_सून

माझं माहेर चिपळूण, सासर मलेशियातल्या पेनांगचं, हॉकिएन चिनी. सासरे हौसेने नातेवाइकांना लग्नाच्या, गृहप्रवेशाच्या तारखा काढून देतात, त्यामुळे हा विषय घरातला आहे. जरा लांबण लागेल.

मनवा, तुझ्या सीनियरने सशाच्या नावाने जे सांगितलं ते अॅपपुरतं खरं आहे. यंदा घोडा, उंदीर, बैल आणि ससा या चौघांचं वर्षदेवतेशी, म्हणजे थाय-स्वैशी, बिनसतं असं मानतात. पण तू ससा आहेस का, इथूनच सुरुवात करायला हवी. 1988 मध्ये चिनी नववर्ष 17 फेब्रुवारीला होतं, त्या हिशेबाने 9 तारखेचं मूल सशाच्या वर्षातलं. पण बा-झीत, म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास अशा चार खांबांच्या पत्रिकेत, वर्ष नववर्षाला बदलत नाही. ते ली-छुनला बदलतं. हा सौर वसंतारंभ, दर वर्षी 4 फेब्रुवारीच्या आसपास. म्हणजे बा-झीत तू ड्रॅगन! आणि ड्रॅगनचं यंदा कुणाशी भांडण नाही. अॅपवाले हा फरक बघत नाहीत, म्हणून फेब्रुवारीत जन्मलेल्यांचं नेहमी असं होतं.

आता परदेशाचं बघू. आपल्याकडे बारावं स्थान आणि राहू बघतात, तसा त्यांच्याकडे यी-मा बघतात. हा टपालाचा घोडा, प्रवासाचा आणि स्थलांतराचा तारा. तुझा दिवसाचा खांब निघतो लाकूड-घोडा. वाघ, घोडा, कुत्रा या गटाचा यी-मा माकडात असतो. म्हणून जुन्या पद्धतीचा माणूस तुला माकडाचा महिना सुचवेल, यंदा तो 7 ऑगस्टच्या संध्याकाळपासून 7 सप्टेंबरपर्यंत.

पण थांब. 13 ऑगस्ट ते 10 सप्टेंबर हा चिनी सातवा महिना, भुतांचा. आपल्या पितृपक्षासारखं त्यात नवीन काही सुरू करत नाहीत. मग उरले मोजके दिवस. त्यातली 8 तारीख 'पो', म्हणजे मोडण्याचा दिवस. 9 ही 'वै', धोक्याची. 10 ऑगस्ट, सोमवार, हा 'छेंग', सिद्धीचा. सिंगापूरला त्या दिवशी सुट्टी आहे, कारण नॅशनल डे रविवारी आलाय. 12 ला 'खाय', उघडण्याचा दिवस, तोही चांगला. पण त्याच दिवशी सूर्यग्रहण, आणि आपल्याकडची गटारी.

तारीख काढणं म्हणजे असं असतं. एक चाळणी लावली की दुसरी लागते. शेवटी हाताला दोन-तीन दिवस लागतात आणि त्यातला सोयीचा तो शुभ.

नाना_खवट

गटारीला अर्ज सबमिट करू नका, फॉर्ममध्ये चुका होतील.

बर्फातला_वाघ

मी याच रस्त्याने आलो, आता कॅनडात, मिसिसागात आहे. पत्रिकेतलं मला कळत नाही, पण एक्सप्रेस एंट्रीत कोणती तारीख कशाला लागते ते नीट माहीत आहे. मनवाताई, तुमच्या प्रश्नातला 'अर्ज' म्हणजे नेमकं काय? इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, प्रोफाइल पूलमध्ये (उमेदवारांच्या यादीत) टाकणं. हे पूर्ण तुमच्या हातात. दुसरी, ड्रॉमध्ये निमंत्रण येणं. हे तुमच्या हातात अजिबात नाही. तिसरी, निमंत्रणानंतर संपूर्ण अर्ज भरणं, त्याला 60 दिवस मिळतात. मुहूर्त लावायचाच असेल तर तो या तिसऱ्याला लावा. साठ दिवसांत कुठल्याही पंचांगात एक तरी बरा दिवस सापडेलच.

प्रोफाइलला मात्र मुहूर्ताची वाट बघणं म्हणजे पायावर धोंडा. ड्रॉच्या कटऑफवर एकाच गुणाचे बरेच जण अडकले की ज्याचं प्रोफाइल आधी सबमिट झालं तो आत, नंतरचा बाहेर. अगदी तारीख आणि वेळेपर्यंत बघतात. नंतर प्रोफाइलमध्ये नवा आयईएलटीएस, नवा अनुभव काहीही भरा, मूळ वेळ तीच राहते. म्हणजे आज टाकलेलं प्रोफाइल ऑगस्टमधल्यापेक्षा केव्हाही वरचढ.

आणि ती वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. सिंगापूर आठ तास पुढे. 10 ऑगस्टला सकाळी सात वाजता आंघोळ करून देवासमोर लॅपटॉप ठेवून बटण दाबलंत तरी कॅनडाच्या नोंदीत 9 ऑगस्ट, रात्रीचे अकरा. पेनांगच्या ताईंच्या भाषेत, सिद्धीचा दिवस साधायला गेलात आणि धोक्याच्या दिवसाचा शिक्का बसला.

आता मेंढीचं वर्ष. 6 फेब्रुवारी 2027 ला ते सुरू होणार, आणि 9 फेब्रुवारीला तुम्हाला 39 पूर्ण. नवरा सोबत असलेल्या अर्जदाराला 38 व्या वर्षी वयाचे 55 गुण, 39 व्या वर्षी 50. चाळिशीनंतर तर दरवर्षी दहा-दहा जातात आणि 45 ला शून्य. निमंत्रण आल्यावर वाढदिवस आला तर गुण कापत नाहीत, पण आधी आला तर गेले. शिवाय आयईएलटीएस दोनच वर्षं चालतं. तुमचं ऑक्टोबरमध्ये संपतंय, आणि संपूर्ण अर्ज भरताना ते जिवंत असावं लागतं. मेंढीची वाट बघितलीत तर परीक्षा पुन्हा, फी पुन्हा, वर पाच गुण कमी.

अवलोकिता

बर्फातला_वाघ यांना अनुमोदन.

मनवाने 'कुणाकडे जाऊ' असंही विचारलंय, त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही. मी सिंगापुरातच असते. बुगिसला वॉटर्लू स्ट्रीटवर कुआन यिम या चिनी देवीचं देऊळ आहे आणि त्याला लागूनच श्रीकृष्ण मंदिर. चिनी बायका आधी कुआन यिमला हात जोडतात आणि निघताना कृष्णासमोरही उदबत्ती लावतात, बघायलाच छान वाटतं. कुआन यिमच्या देवळात काड्यांचा कौल घेता येतो. गुडघे टेकून बांबूचा डबा खुळखुळ हलवायचा, एकच काडी पुढे सरकत सरकत जमिनीवर पडेपर्यंत. मग लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून देवीला विचारायचं, हीच का काडी? एक उताणी आणि एक पालथी पडली तर हो. काडीवरच्या आकड्याची चिठ्ठी मिळते, तिच्यात जुन्या कवितेच्या चार ओळी आणि अर्थ.

तारखा काढणाऱ्यांची दुकानं पलीकडे फू लू शौ कॉम्प्लेक्समध्ये आहेत. नाव कुणाचंच सुचवणार नाही, पण पारख सांगते. जो फक्त प्राणी विचारून तारीख देतो त्याच्याकडून उठायचं. जन्मवेळ आणि जन्मगाव विचारणारा बरा. आणि तारखेच्या आधी ब्रेसलेट किंवा पितळी प्राणी दाखवायला लागला तर चहासुद्धा घ्यायला थांबू नये.

पेनांगची_सून

अवलोकिता, जन्मगावाचं अगदी बरोबर. सासरे घड्याळाची वेळ घेतच नाहीत, गावाची सौरवेळ काढतात. सांगलीची वेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा अर्धा तास मागे. चिनी तास दोन तासांचा असतो, त्यामुळे सव्वाअकराला जन्मलेलं बाळ सौरवेळेने पावणेअकराचं होतं आणि घोड्याच्या तासातून सापाच्या तासात जातं.

आणि वाघोबांचं ऐकून मलाही एक सुचलं. आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं. पातळ कागद, रविवार लाल, मध्ये हाताएवढा आकडा, खाली दोन रकाने: आज काय करावं, काय टाळावं. केस कापणं, मुंडावळ... चुकले, वरात नेणं, विहीर खणणं, चूल हलवणं, प्रवासाला निघणं, नव्या घरात राहायला जाणं. फॉर्म भरणं त्यात कुठेच नाही. मी सासऱ्यांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, कागद कधीही पाठवा, माणूस उंबरा ओलांडतो तो दिवस बघायचा. म्हणजे तुझी तारीख कॅनडात पाऊल ठेवण्याची आणि तिथल्या घरात शिरण्याची.

बर्फातला_वाघ

हे मात्र पटलं, आणि व्यवहारातही बसतं. पीआर मंजूर झाल्यावर प्रवेशासाठी मुदत मिळते. ती बहुतेक वेळा वैद्यकीय तपासणी किंवा पासपोर्ट यातलं जे आधी संपेल त्यावर ठरते, आणि तपासणी बारा महिने ग्राह्य धरतात. त्या मुदतीत हवा तो दिवस काढा. फक्त जानेवारी टाळा, पोरीसाठी सांगतोय.

तिरफळ

अक्षय्य तृतीया 19 एप्रिलला आहे ना? साडेतीन मुहूर्तांतली. तिला ना अधिक मास आडवा येतो, ना ससा. त्याच दिवशी प्रोफाइल टाकून मोकळ्या व्हा.

पेनांगची_सून

बघितलं. 19 एप्रिल चिनी हिशेबात 'वै', धोक्याचा. 20 ला 'छेंग', शिवाय साठ दिवसांच्या चक्राचा पहिलाच दिवस. पण तो उंदराचा दिवस, यंदाच्या घोड्याच्या बरोबर समोरचा, त्यामुळे कॅलेंडर त्यावर फुली मारतं. दोन्ही पंचांगं एका दिवशी राजी व्हायची तर मनवा निवृत्त होईल.

मनवा_सिंगापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, जन्मतारीख आता राहू दे, तिच्यावरच एवढी चर्चा झाली.

नवऱ्याला यूटीसीचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, आज रात्रीच टाक. सासूबाईंना 'तारीख उतरण्याची बघायची' हे एकदम पटलं. त्या आता 2027 चं कालनिर्णय आल्यावर बघणार आहेत. सीनियरला मी ड्रॅगन आहे हे सांगितलं तर तिने तिच्या आईला फोन लावला, आणि आईनेही ली-छुनचंच सांगितलं.

एक शेवटचं. इथल्या एका एजंटने 'शुभ दिवशी फायलिंग' असं पॅकेज सांगितलंय, प्रोफाइल तो टाकणार, लॉगिन त्याच्याकडे. घ्यावं का?

बर्फातला_वाघ

लॉगिन दुसऱ्याकडे? मुळीच नको. प्रोफाइल तुमचं तुम्हीच टाका, भरायला एक निवांत संध्याकाळ पुरते. तरी मदत हवीच असेल तर पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडातला वकील तरी हवा, नाहीतर परवानाधारक सल्लागार. सल्लागारांचं नियमन करणाऱ्या संस्थेची (तिला 'कॉलेज' म्हणतात) यादी ऑनलाइन खुली आहे, तिच्यात नाव आणि परवाना चालू आहे का ते बघा. यादीत नसेल तर पॅकेज शुभ असो वा अशुभ, पुढे बोलूच नका.

आणि जमलं तर फ्रेंचचा क्लास लावा. चांगल्या फ्रेंचला 50 पर्यंत जादा गुण आहेत, आणि फ्रेंचवाल्यांच्या ड्रॉचे कटऑफ बाकीच्यांपेक्षा बरेच खाली असतात.

नाना_खवट

क्लास कोणत्या दिवशी सुरू करायचा ते पेनांगच्या सूनबाईंना विचारून घ्या.

पेनांगची_सून

10 ऑगस्ट, नाना. सुट्टी आहे.