दोघं जुने मित्र, दोघांचेही जोडीदार गेलेले. पुढचं पाऊल टाकण्याआधी काय काय उरकावं?

पोवईनाका_सातारा:
मंडळी, आत्यासाठी विचारतोय. आत्या ५८ वर्षांची, साताऱ्यात असते. तिचे मित्र, आम्ही त्यांना काका म्हणतो, ६३ वर्षांचे, सांगलीला विश्रामबागेत, राज्य शासनातून निवृत्त. कॉलेजपासूनची मैत्री आणि दोन्ही घरांचं जाणंयेणं. आत्याचे यजमान जाऊन सव्वा वर्ष झालं, काकांच्या मिसेस चार वर्षांपूर्वी गेल्या. दोन्हीकडची मुलं मोठी, लग्नं झालेली. आत्याला यजमानांमुळे ईपीएसचं (पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेचं) पेन्शन मिळतं. वाईजवळ दीड एकर यजमानांच्या नावावर आहे, वारस नोंद अजून केलेली नाही.
हे प्रेम आहे की नुसता एकटेपणा, हे ओळखायचं कसं? आणि लग्न करायचं ठरलंच तर कागदपत्रांत काय अडकतं? "मन सांगतं ते करा" हे सांगणारे घरात भरपूर आहेत, तेवढं सोडून सांगा.

संथ_वाहते:
पहिल्या प्रश्नाचं बोलते. जुन्या मैत्रीत फायदा आणि फसगत एकाच जागी असते: दोघांनी एकमेकांचे जोडीदार पाहिलेले असतात. आत्याला यजमानांची आठवण काढताना संकोच वाटत नाही, कारण समोरचाही त्यांना ओळखत होता. पण सगळ्या गप्पा गेलेल्यांभोवतीच फिरत असतील, तर ती दुःखातली सोबत आहे. ती मोलाचीच, पण तिच्यावर संसार उभा राहत नाही.

महिनाभर लक्ष ठेवायला सांगा. फोनवर दुसरं काय बोलणं होतं? गुडघ्याचं दुखणं, दुधाचा हिशेब, कोणावर आलेला राग, यातलं काही निघतं का? एकदा तरी मतभेद झाला का, आणि झाल्यावर दुसऱ्या दिवशी फोन कोणी केला? दुःखात माणसं एकमेकांशी फार जपून वागतात, तो खरा स्वभाव नसतो. चाळीस वर्षांची ओळख असली तरी एका घरात राहण्याची ओळख शून्य असते, हे दोघांनीही मान्य केलेलं बरं.

दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत, हेही बघा. काकांची चार वर्षं झाली, आत्याचं वर्षश्राद्ध होऊन जेमतेम तीन महिने. काका तयार आहेत म्हणून आत्याही तयार असेल असं नाही. पहिल्या वर्षात प्रत्येक सण अंगावर येतो. दुसऱ्या वर्षीची दिवाळी, यजमानांचा वाढदिवस, लग्नाची तारीख एकदा पार पडू दे, मग तिला विचारा. आणि भेटायचं तर उघडपणे एकमेकांच्या घरी, मुलांना सांगून. साताऱ्यातल्या 'चार भिंती' टेकडीवर फिरायला गेलात तर तुम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते.

फेरफार_मंजूर:
आता कागद. क्रम महत्त्वाचा आहे: पहिल्या संसाराचे कागद आधी पूर्ण, मग दुसऱ्याचे.

जमीन. वारसा उघडतो तो माणूस गेला त्या दिवशी. यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे पत्नी, मुलं आणि हयात असल्यास आई, सगळ्यांना समान वाटा. (जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा.) आत्याचा वाटा पूर्ण मालकीचा, पुनर्विवाहाने तो जात नाही. तरीही नोंद आधीच करा, कारण लग्नानंतर तलाठ्याकडे अर्ज गेला की भाऊबंदांतला कोणीतरी हरकत घेतो आणि फेरफार (सातबारावरचा नावाचा बदल) लोंबकळतो. हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, ती मुदत तुमची टळलीच आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र घेऊन आता तरी अर्ज टाका. शासनाच्या ई-हक्क पोर्टलवरून ऑनलाइनही होतो.

मुलं ज्याला घाबरतात ते याच कायद्याचं कलम १५. आत्या लग्नानंतर मृत्युपत्राविना गेली तर तिच्या वाट्यात तिच्या मुलांबरोबर नवे यजमानही समान वारस. म्हणजे वाईच्या जमिनीत सांगलीचे काका येतात. उलट काकांच्या घरात आत्या काकांच्या मुलांबरोबर वारस, पण आत्याची मुलं काकांची वारस नाहीत. म्हणून दोघांनीही लग्नाआधी मसुदा तयार ठेवून लग्नानंतर लगेच मृत्युपत्रावर सह्या कराव्यात. साक्षीदार दोन, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवा, पुढची भांडणं कमी होतात.

साधारण मसुदा असा: आत्याची जमीन तिच्या मुलांना. काकांचं घर त्यांच्या मुलांना, आत्याला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क. हा हयातीचा हक्क वकिलाकडूनच लिहून घ्या. शब्द चुकला तर त्याच कायद्याच्या कलम १४ खाली तो पूर्ण मालकीचा झाला, असा वाद उभा राहतो.

पेन्शन. ईपीएस-९५ मध्ये विधवेचं पेन्शन मृत्यू किंवा पुनर्विवाह, जे आधी होईल तोपर्यंतच. मुलं २५ च्या पुढची, म्हणजे ते थांबणार असं धरूनच महिन्याचा हिशेब मांडा. काकांच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाला धक्का नाही. फक्त पत्नी म्हणून आत्याचं नाव नोंदवायचा अर्ज कोषागारात लगेच द्या. "कळवलंच नाही तर?" हे विचारणारे भेटतातच. कुटुंब पेन्शन घेणाऱ्याकडून हयातीच्या दाखल्यासोबत पुनर्विवाह न केल्याचंही लिहून घेतात. खोटं लिहिलं की वसुली.

लग्न. दोन वाटा. विशेष विवाह कायदा १९५४: दोघांपैकी एकजण लग्नाची नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहणारा हवा. नोटीस दिली की ३० दिवस ती फलकावर, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न, तीन साक्षीदार. दोघांच्याही गेलेल्या जोडीदारांचे मृत्यूचे दाखले लागतात, आणि नावातला एका अक्षराचा फरक इथेच नडतो, आधार आणि दाखला आधी जुळवा. हरकत घेता येते ती कायद्यातल्या अटींवरच. "आम्हाला पटत नाही" ही हरकत नव्हे.

दुसरी वाट, घरी किंवा देवळात विधी करून मग महानगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत नोंदणी, तीही ९० दिवसांत. नुसती नोंदणी करून विधी टाळू नका. हिंदू विवाहाला विधी झालेले असणं आवश्यक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

भडंगवाला:
एवढा खटाटोप कशाला? पेन्शन राहू द्या, एकत्र राहा की.

फेरफार_मंजूर:
@भडंगवाला, राहता येतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात विवाहासारख्या नात्यातल्या स्त्रीला संरक्षणही आहे. पण वारसा नाही. काका उद्या गेले तर आत्याला घर सोडायला सांगता येतं आणि निवृत्तिवेतनही मिळत नाही. ईपीएसचं किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये. आत्याला साधारण तेवढंच येत असेल तर त्याच्यासाठी राज्य शासनाच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर पाणी सोडणं हा हिशेब मला पटत नाही. मोठी रक्कम असेल तर गोष्ट वेगळी.

पोवईनाका_सातारा:
फार उपयोग झाला. अजून एक. आत्याच्या मुलीने विचारलंय, बाबांच्या फोटोचं काय करणार?

संथ_वाहते:
मुलगी अगदी नेमकं विचारतेय, तिला गप्प करू नका. सांगलीच्या घरात काकांच्या मिसेसचा फोटो असणारच. तिथे आत्याने जाऊन तो काढायचा नाही, आणि आपल्या यजमानांचा आणला तर लपवून कपाटात ठेवायचा नाही. दोन्ही फोटो एकाच मापाच्या चौकटीत, एका भिंतीवर. चंदनाचा हार दोघांना किंवा कोणालाच नाही. पहिलं मंगळसूत्र मोडून नवं करायचा सल्ला सोनार देईल, ऐकू नका, ते मुलीला द्या. दोन्ही श्राद्धांच्या तिथी आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार हे ठरलेलं असलं की निम्मं अवघडलेपण जातं.

मुलांना सांगताना दोन्ही घरची एकदम एका खोलीत बसवू नका. प्रत्येकाने आपापल्या मुलांना, एकेकाला, आणि तेही मृत्युपत्राचा मसुदा हातात आल्यावर. "आमचं प्रेम आहे" यावर मुलं वाद घालतात, "वाईची जमीन तुमचीच" यावर घालत नाहीत.

नाव बदलायची गरज नाही. कायद्यात सक्ती नाही, आणि या वयात पॅन, आधार, बँक, सातबारा सगळीकडे फिरण्यात सहा महिने जातात. स्वयंपाकघर मात्र आधी बघून या. ज्या ओट्यावर दुसऱ्या बाईने तीस वर्षं काढली तिथे डबे हलवायची मुभा आहे का, हे काकांना लग्नाआधी विचारायला सांगा. ते "हो" पटकन म्हणतात की थांबून, तेही बघा.